मायनं न ओळखलेला चेहरा

माझ्या नाकातून ऑपरेशन करून मेंदूखालची गाठ काढली, त्याला आता दीड वर्ष झालं. तेव्हा मी सदुसष्ट वर्षांची होते. लोणारच्या बाजारात ओळखीच्या बायका भेटतात आणि विचारतात, दुखलं का, भीती वाटली का, आता बरं आहे ना. त्यांना मी उभ्या उभ्या उत्तर देते. पण जे खरं झालं ते उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले. कुणाच्या घरात माझ्यासारखी बाई असेल तर तिला माझ्यापेक्षा लवकर दवाखान्यात न्यावं, एवढाच त्यात हेतू आहे. बाकी मन मोकळं करणं.

मी सुमन. लोणारला तीस वर्षं शिवणाचे क्लास घेतले. गावातल्या निम्म्या बायकांना ब्लाउज बेतायला मी शिकवलं असेल. आमचे हे एस.टी.त कंडक्टर होते, मेहकर डेपोला, आता निवृत्त. एकच मुलगी, अर्चना, ती संभाजीनगरला असते. माझं माहेर वडनेर भोलजी. तिथं माझा धाकटा भाऊ रमेश शेती बघतो, आणि माझी माय त्याच्याजवळ राहायची.

“आन् ही बाई कोन?”

मायचं वय तेव्हा सत्त्याऐंशी होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून कित्येक वर्षं झाली होती, पण ऑपरेशनला ती भ्यायची. कानानंही कमी ऐकू यायचं. मी गेले की रमेशची बायको, शोभावहिनी, तिच्या कानाशी मोठ्यानं सांगायची, “सुमनताई आल्या,” मग माय हात पुढे करायची आणि माझा हात बराच वेळ धरून ठेवायची. एकदा म्हणाली होती, “तुहा हात असा जाड काऊन लागून राह्यला वं सुमी?” मी म्हटलं, कामानं झाला असंल. तिनं पुन्हा विचारलं नाही.

शेवटी रमेशनं तिची समजूत घातली आणि खामगावला महिन्याच्या अंतरानं दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर आठ-दहा दिवसांनी आम्ही दोघं वडनेरला गेलो. माय ओसरीवर खुर्चीत बसली होती, काळा चष्मा लावून. रमेश सांगत होता, तिला सगळं दिसतंय, कालपासून घरातली जळमटं दाखवून शोभाला कामाला लावलंय. ह्यांना बघून तिनं चष्मा काढला आणि म्हणाली, “जवाईबापू, तुमचे केस कुठी गेले?” सगळे हसलो. रमेशचे पांढरे केस बघून तर ती म्हणे पहिल्या दिवशी रडलीच होती, माहा पोरगा म्हातारा झाला म्हणून. म्हणजे वय झालेली माणसं तिला ओळखू येत होती.

मी वाकून तिच्या पाया पडले. वर बघितलं तर ती माझ्याकडे बघत होती. पाहुण्या बाईकडे बघावं तशी, जरा संकोचून. मग रमेशला म्हणाली, “आन् ही बाई कोन?”

रमेशला वाटलं गंमत करते. “माय, सुमी हाय ना वं. तुही सुमी.”

मायनं पुन्हा बघितलं. तिनं खरंच प्रयत्न केला, हे मी आज सांगते. कपाळापासून हनुवटीपर्यंत तिची नजर फिरली, माझ्या हातांवर आली, तिथं थांबली. मग तिनं मान हलवली. “मी नाही ओयखत हिले. सुमी कुठी हाय?”

चौदा महिने

त्या दिवशी सगळे म्हणाले, वय झालं, डोक्यावर परिणाम झाला असेल, ऑपरेशनच्या औषधांनी होतं असं. मीही तेच म्हटलं. पण बसमध्ये परत येताना मी मेहकरपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले. तिला रमेश आठवला, जावई आठवला, शेजारची दुधवाली आठवली. पोटची पोरगी तेवढी आठवली नाही.

दोन महिन्यांनी पुन्हा गेले, एकटीच. मनात म्हटलं, या वेळी निवांत बसू, जुन्या गोष्टी काढू. मी तिच्या कानाशी बोलायला लागले, लहानपणी विहिरीवर पाय घसरला होता ते, तिनं मला पहिल्यांदा टाका घालायला शिकवला ते. माय ऐकत होती. मधेच शोभावहिनीला हाक मारून म्हणाली, “हिले हे कोनं सांगतलं? माह्या सुमीच्या गोष्टी ही बाई सांगून राह्यली. हिचा आवाजही पुरुषावानी हाय. मले भ्याव लागते. हिले जाऊ दे.”

माझ्या अंगातून आग गेली. माझा आवाज भरडा झाला होता हे खरं, पण मी म्हणायची, सर्दी जात नाही. मी उठले. पिशवी उचलली. आणि मायच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हटलं, “ओयखत नाही तं नोको ओयखू. मी बी येत नाही आता.”

ती घाबरून खुर्चीत मागे सरकली. वहिनी म्हणाली, “ताई, अवं काय करता?” मी थांबले नाही.

चौदा महिने गेले नाही. रमेशचा फोन यायचा. “सुमे, माय तुहीच वाट पाह्यते. रोज विचारते, सुमी काऊन येत नाही. तू ये ना वं.” मी म्हणायची, आले की हाकलते, मग कशाला येऊ. दिवाळीला गेले नाही, अक्षय तृतीयेला गेले नाही. मला राग होता, आणि रागाखाली लाज होती. आईनं टाकलेली बाई, असं मला वाटायचं. सदुसष्टाव्या वर्षी.

कवळी

मग माझी कवळी बसेनाशी झाली. खालच्या दातांची, दोनच वर्षांपूर्वी मेहकरला करून घेतलेली. त्या दवाखान्यात आता एक नवी डॉक्टर मुलगी आली होती, माझ्या अर्चनापेक्षाही लहान. तिनं कवळी लावून बघितली, काढली, पुन्हा लावली. मग दातांचं सोडून भलतंच विचारायला लागली.

“काकू, चपलेचा नंबर बदललाय का?”

मी म्हटलं, हो, पाय सुजतात. आधी सहा नंबर लागायचा, आता आठचीही चप्पल काचते म्हणून पुरुषांच्या चपला घेते. अंगठी? ती सोनाराकडून कापून काढली. जोडवी पण. बांगड्या सव्वादोनवरून अडीचवर गेल्या आणि आता अडीचही चढत नाही. आणि कात्री, मी सांगितलं, माझी कापड कापायची कात्री, तिच्या कड्यात बोटंच जात नाहीत, म्हणून मी क्लास बंद केला. बोलता बोलता मला स्वतःलाच कसंतरी व्हायला लागलं. ही सगळी वेगवेगळी दुखणी आहेत असं मी धरून चालले होते. साखर वेगळी, बी.पी. वेगळं, सांधेदुखी वेगळी, घोरणं वेगळं. प्रत्येकाचा डॉक्टर वेगळा होता.

ती म्हणाली, “पुढच्या वेळी तुमचे जुने फोटो घेऊन या. वेगवेगळ्या वयातले.”

चार फोटो नेले, सोबत हे होते. लग्नातला, क्लासच्या उद्घाटनाचा, अर्चनाच्या लग्नातला आणि ह्यांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमातला. तिनं टेबलावर ओळीनं मांडले आणि हातात आरसा दिला. पहिल्या तीन फोटोंत एकच बाई होती, वय वाढत गेलेली. चौथ्यात तिची कुणी लांबची बहीण असावी तसं. आणि आरशात तर वेगळीच. नाक पसरलेलं, ओठ जाड, कपाळाचं हाड पुढे आलेलं, जबडा लांब. मी रोज केस विंचरताना हाच चेहरा आरशात बघत होते, आणि मला दिसलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाली, “तुमच्या जवळच्या कुणी कधी म्हटलं नाही का, चेहरा बदललाय म्हणून?”

हे म्हणाले, “नाही. कोनीच नाही.”

मी म्हटलं, “एकीनं म्हटलं होतं.”

निदान

संभाजीनगरला तपासण्या झाल्या. साखरेचं पाणी पाजून परत परत रक्त काढलं, डोक्याचा एम.आर.आय. झाला. त्या यंत्रात ठकठक आवाज चालू असताना मी फक्त एकच विचार करत होते, की माय खरं बोलत होती.

मोठे डॉक्टर शांत स्वभावाचे होते. त्यांनी सांगितलं, मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिच्यावर गाठ आहे, दहा-बारा वर्षांपासून असावी. कॅन्सर नाही. पण ती अंगात वाढीचं द्रव्य नको इतकं सोडत राहते, म्हणून हाडं आणि मांस वाढतं, हृदयही वाढतं. नाकातून दुर्बीण घालून काढता येईल. “पण काकू, तुमचं वय, साखर, हृदय थोडं मोठं झालेलं, आणि गळा आतून अरुंद झालाय, त्यामुळं भूल देताना नळी घालणं अवघड जाईल. धोका आहे. इंजेक्शनं हा दुसरा मार्ग आहे. घरी विचार करा.”

मी तिथंच विचारलं, “ऑपरेशननं चेहरा परत येतो का?”

ते जरा हसले. “आता चेहऱ्याचं काय काकू? हृदय महत्त्वाचं. मऊ सूज उतरेल, हात थोडे बारीक होतील. हाडं मात्र परत जात नाहीत.”

अर्चना ओशाळली. बाहेर आल्यावर म्हणाली, “आई, काय विचारतेस तू पण.” तिला वाटलं म्हातारपणी मला रूपाची पडली आहे. “मऊ सूज उतरेल” एवढंच मी गाठीला बांधून ठेवलं होतं. थोडी उतरली तर माय ओळखेल कदाचित.

घरी ह्यांनी ऑपरेशनला चक्क नकार दिला. “या वयात कापाकापी काह्याले पायजे? इंजेक्शनं घे. टेबलावर काही झालं तं मी काय करू?” दोन दिवस आमच्यात धड बोलणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत होते, हे दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, “मी रोज तुह्या समोर बसून जेवलो. मले काऊन दिसलं नाही?”

मी म्हटलं, “रोज पाह्यलं म्हनूनच नाही दिसलं.”

“मले तं तू तशीच दिसत होती,” हे म्हणाले, आणि तिथंच दाराला टेकून रडायला लागले. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना सासूबाई गेल्या तेव्हाच रडताना बघितलं होतं.

ऑपरेशन ठरलं. साखर आटोक्यात आणायला तीन आठवडे दिले होते. ह्यांनी सांगितलं, “आधी वडनेरले जाऊन ये. मायले भेटून घे.” रमेशही फोनवर तेच म्हणाला. मी नाही म्हटलं. या तोंडानं पुन्हा तिच्यापुढं जायचं, तिला पुन्हा घाबरवायचं, ते मला नको होतं. ऑपरेशन होऊ दे, सूज उतरू दे, मग जाईन. फोनवर तिला ऐकू यायचं नाही, म्हणून रमेशला म्हटलं, तिला सांग सुमी लवकर येते. माझ्या आजारपणात डॉक्टरांच्या हातून काही चुकलं नाही. चुकलं ते एवढंच, की मी तेव्हा गेले नाही, आणि ते माझं होतं.

दवाखाना

भरती झाल्यावर पहाटे बोटाला सुई, मग बी.पी., मग चहा, तोही बिनसाखरेचा. वॉर्डातली मावशी सगळ्यांना “चला मंडळी, उठा” म्हणत पडदे सरकवायची. माझ्या पायात दवाखान्याच्या बायकांच्या चपला जात नव्हत्या. ती कुठून तरी मोठ्या घेऊन आली आणि काही न बोलता पलंगाखाली ठेवून गेली. एवढ्याशा गोष्टीनं मला भरून आलं. वर्षानुवर्षं लोक माझ्या पायांकडे बघून काहीतरी बोलायचेच.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ आल्या. म्हणाल्या, गळा अरुंद असल्यामुळं तुम्ही अर्धवट जाग्या असतानाच नळी घालावी लागेल, सहकार्य करा. त्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली. आणि खरंच ती पाच मिनिटं वाईट होती, खोटं कशाला सांगू. श्वास घुसमटतोय आणि कुणीतरी कपाळावर हात ठेवून “झालं, झालं” म्हणतंय, एवढं आठवतं. त्यानंतरचं काही नाही.

जाग आली तेव्हा नाकात बोळे होते आणि तोंडानं श्वास घ्यावा लागत होता. ओठ, जीभ, घसा सगळं कोरडं. दुखणं म्हणावं तर फार नव्हतं, डोकं जड आणि मागून घशात काहीतरी ओघळत असल्यासारखं. शिंकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, जोर करायचा नाही. उशा लावून बसूनच झोपायचं. आणि किती पाणी प्यालं, किती लघवी झाली, ते मोजून लिहायचं. दुसऱ्या दिवशी मला अशी तहान लागली की तांब्यामागून तांबे रिते झाले आणि तेवढंच बाहेर गेलं. डॉक्टर म्हणाले, ग्रंथीला धक्का बसल्यावर होतं असं, औषध देतो. ते लिहायचं काम ह्यांनी घेतलं. जन्मभर एस.टी.त तिकिटांच्या हिशोबाचं वेबिल लिहिलेला माणूस. एका वहीत रकाने आखले, वेळ, पाणी, लघवी, आणि खाली रोज सही. परिचारिका हसायच्या, पण डॉक्टर राउंडला आले की तीच वही मागायचे.

बोळे काढले त्या दिवशी ह्यांनी माझा हात हातात घेऊन बघितला. म्हणाले, “मऊ लागते वं.” खरंच, तीन-चार दिवसांतच तळहाताचा घट्टपणा गेला होता. आधी सारखा यायचा तो घामही आता येत नव्हता. मी अर्चनाकडून आरसा मागितला. नाक सुजलेलं, डोळ्यांखाली काळं. मला काही कळलं नाही. पण मी मनाशी दिवस मोजायला सुरुवात केली.

घरी सोडलं, म्हणजे अर्चनाकडे. तिथं आठव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, मला माणसांची नावं आठवेनात, जावयाला मी रमेश म्हणून हाक मारली. पुन्हा भरती. रक्तातलं मीठ एकदम खाली आलं होतं. ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांत हे व्हायचा धोका असतो, आणि घरच्यांना वाटतं अशक्तपणा आहे. आमच्याही घरात अर्धा दिवस असाच गेला. कुणी हे वाचत असेल तर एवढं लक्षात ठेवा. पहिल्या दोन आठवड्यांत माणूस सुस्त झाला, बरळायला लागला, तर फोन करत बसू नका, सरळ घेऊन जा.

त्या दुसऱ्या भरतीत मी अकरा दिवस होते. आणि त्याच दिवसांत वडनेरला माय अंगणात पडली.

मला सांगितलं नाही

खुब्याचं हाड मोडलं होतं. तिच्या वयात ऑपरेशन नको असं खामगावच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि ती अंथरुणाला खिळली. हे सगळं ह्यांना, अर्चनाला, सगळ्यांना माहीत होतं. मला दीड महिन्यानं कळलं, तेही शोभावहिनीच्या तोंडून चुकून. फोनवर ती म्हणाली, “मायचं अंथरूण बदलतच होती मी, ताई.”

मी ह्यांच्यावर ओरडले. ओरडू नको, जोर येईल, असं हे म्हणत राहिले. अर्चना रडून म्हणाली, “तुला सांगितलं असतं तर तू थांबली असतीस का? डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितला होता. आम्ही कुणाकुणाला सांभाळायचं, आई?” तिचं खरं होतं. माझंही खरं होतं.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी निघाले. सोबत गोळ्यांचा डबा, त्या आता जन्मभर. हातात बांगड्या होत्या, अडीचच्या, सहज चढल्या होत्या. निघताना मी आरशात बघितलं. ओठ उतरले होते, पापण्या हलक्या झाल्या होत्या, आवाज थोडा निवळला होता. नाक आणि जबडा तसेच होते.

वडनेर

माय पलंगावर होती. इतकी लहान झाली होती की चादरीखाली माणूस आहे हे कळत नव्हतं. मी जवळ बसले. तिच्या पदराला लहानपणापासून जो वास यायचा, तो घ्यायला मी वाकले, पण वास आला नाही. ऑपरेशननंतर मला वास येणं बंद झालं आहे, ते अजून परत आलेलं नाही.

तिनं डोळे उघडले. स्वच्छ डोळे, खामगावला करून आणलेले. माझ्याकडे बघितलं. मी श्वास धरून बसले.

“कोन वं तू? नवी बाई ठेवली काय रमेशनं?”

मी म्हटलं, “माय, मी सुमी.”

तिच्या चेहऱ्यावर ती जुनी भीती आली. “नाही. तू नाही सुमी. खोटं काऊन बोलतं?” आणि ती वहिनीला हाका मारायला लागली.

मी बाहेर ओसरीवर येऊन बसले. वहिनी पाणी घेऊन आली. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “ताई, हो म्हना. बाई ठेवली म्हना. निदान जवळ तं बसू देईन.”

मग मी ती बाई झाले. आत गेले आणि तिच्या कानाशी वाकून म्हटलं, “हाव माय, रमेशभाऊनं ठेवलं मले. तुमचं करायले.” ती लगेच निवली. “बरं झालं. शोभाची कंबर लय दुखते.”

अडीच महिने मी तिचं केलं. अंग पुसलं, कूस बदलली, पेज भरवली, केस विंचरले. तिला मी आवडायला लागले होते. वहिनीला सांगायची, ही बाई चांगली हाय, हिचा हात हलका हाय. सुरुवातीला तिची स्मृती बरी होती. मी नवी बाई असल्यामुळं ती मला सगळं सांगायची, घरातली माणसं, भांडणं, कोण कसं. आणि सुमी.

“माही सुमी लय हुशार. तिनं पह्यलं झबलं सात वर्साची असतानी शिवलं.” मी पेजेचा चमचा धरून ऐकायची. “पन येत नाही आता. मी काय चुकली तिची, कोन जाने. कोनतरी बाई तिचं नाव घेऊन येत होती, तिले मी हाकललं, तवापासून सुमीच येत नाही.”

त्या दिवशी मला राहवलं नाही. मी म्हटलं, “माय, मी ओयखतो सुमनताईले. लोनारच्या ना? त्याईचं ऑपरेशन झालं. म्हनून नाही आल्या.”

ती एकदम हलली. “ऑपरेशन? काह्याचं?”

“डोक्यात गाठ होती. नाकातून काढली. आता बऱ्या हायत.”

“दुखलं काय तिले लय?”

“नाही. लय नाही.”

तिनं डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. मी पदरानं पुसलं. मग म्हटलं, “सुमनताईनं सांगतलं होतं मले. म्हनाल्या, मायले सांगा, मी रागात बोलली, माही चूक झाली, मले माफ कर.”

“माय-लेकीत काह्याची माफी वं,” ती म्हणाली. “तिले म्हना, आधी बरी हो. मंग ये. घाई करू नोको.”

हा निरोप मला माझ्या मायकडून मिळाला. समोरासमोर नाही मिळाला, पण मिळाला. कित्येकांना तेवढाही मिळत नाही, हे मी स्वतःला सांगत असते. काही दिवस ते पुरतं, काही दिवस नाही.

तिनं मला ओळखलं नाही ते माझ्या चेहऱ्यामुळं की तिच्या वयामुळं, असं मी नंतर तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, दोन्ही असेल. तसंच असेल. पण पट्टी निघाली तेव्हा तिनं घरातलं प्रत्येक माणूस ओळखलं होतं. त्या वेळी कुणी तिचं ऐकलं असतं, मी ऐकलं असतं, तर आजार वर्ष-सव्वा वर्ष आधी सापडला असता. आणि मी घाबरलेल्या म्हातारीच्या कानात ओरडले नसते. तुमच्या घरात कुणाला चपला, अंगठ्या लहान व्हायला लागल्या, आवाज बदलला, तर जुने फोटो काढून बघा. आणि म्हातारं माणूस काही बोललं तर ते भ्रमात बोलतंय असं लगेच धरू नका.

शेवटचे चार दिवस तिनं खाणं सोडलं. उन्हाळा लागला होता. दुपारी रमेश डॉक्टरांना आणायला नांदुऱ्याला गेला होता. वहिनी आणि मी दोघीच होतो. मी मायचं डोकं मांडीवर घेऊन चमच्यानं पाणी सोडत होते.

“सुमी आली काय?” तिनं विचारलं.

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “येऊन राह्यली माय. खामगावहून बस सुटली.”

तिचा श्वास लांब लांब येत होता. मग पुन्हा म्हणाली, “कुठवर आली?”

“नांदुरा सोडलं.”

“मंग आलीच,” ती म्हणाली, आणि दाराकडे मान वळवायचा प्रयत्न केला. वहिनीनं तिची मान हळूच वळवून दिली. नांदुऱ्याहून वडनेरला बस लवकर येते, तिला माहीत होतं. थोड्या वेळानं माझ्या मांडीवर तिचं डोकं जड झालं. डोळे दाराकडेच होते.

रमेश आला, गावातले लोक जमले, नातेवाईक आले. सगळ्या बायका एकच म्हणत होत्या, म्हातारी नशीबवान, लेकीच्या मांडीवर गेली. मी मान हलवत राहिले. ती लेकीची वाट बघत गेली, हे मला आणि शोभावहिनीलाच माहीत आहे.